मामाच्या भिंतीतला हँडब्रेक

मी लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवते. उतारावर ठेवलेली वस्तू कधी घसरते, कधी घसरत नाही, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. पोरं जांभया देतात. त्यांना काय माहीत, की समोर उभी असलेली बाई लहानपणी नांदेडला एका जीपचा हँडब्रेक होती.

आता हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई काहीही बोलते.

माझे वडील, म्हणजे बाबा, सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. साहेब बदलत राहिले, जीप मात्र तीच. पुढे खात्यानं ती जीप मोडीत काढली, तर बाबांनी लिलावात तीच उचलून घरी आणली. माय दारात उभी राहून बघतच राहिली. म्हणाली, "हापिसातली बला घरी कामून आनली वो?" बाबा म्हणाले, "इतके दिवस साहेबाला हिंडवलं. आता तुला हिंडवतो." यावर माय लाजली आणि पुढचे कित्येक दिवस जीपला बला म्हणाली नाही.

पण ती बलाच होती. सेल्फ मेलेला, म्हणून पुढून हँडल मारून चालू करायची. डिझेलचा काटा कायम एकाच जागी, म्हणून टाकीत लिंबाची काडी बुडवून बघायचं. काडी किती ओली झाली त्यावर लांब देगलूरला जायचं की जवळच्या भोकरला ते ठरायचं. समोरून गाडी आली की दिव्याचा डिपर डाव्या पायानं मारायचा, त्याचं बटन खाली फळीवर होतं. वायपरला सुतळी बांधलेली, तिचं टोक मायच्या हातात. पाऊस आला की बाबा म्हणायचे, "मार." मग माय हळद-मिरची किती आणायची त्याचा हिशोब मनात करत सुतळी ओढत राहायची. मध्येच तिला डुलकी लागली की काच आंधळी व्हायची आणि बाबा ओरडायचे, "अगं, वायपर झोपला!"

आणि हँडब्रेक मी.

बाबांची पहिली सहल साहजिकच मायच्या माहेरी, इस्लापूरला झाली. मामाच्या घराची गल्ली चढाची. दारापुढं जीप उभी केली, बाबांनी हँडब्रेकची दांडी ओढली, तर ती अख्खीच्या अख्खी त्यांच्या हातात आली. जीप मागं सरकायला लागली. बाबांनी ब्रेक दाबून धरला आणि दांडी वर करून आरडाओरडा सुरू केला. मामा, मामी, शेजारीपाजारी सगळे ती दांडीच बघत राहिले. माझी माय मात्र तशीच खाली उतरली, मामाच्या दगडमातीच्या भिंतीतला एक काळा दगड हिसकून काढला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. जीप जागची हलेना. बाबा उतरले, दगडाकडं बघितलं, मायकडं बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माहेराहून एवढं वजनदार पहिल्यांदाच काही मिळालं हं!" त्यावर मामी दोन दिवस जेवायला वाढताना ताट आपटत होती.

तो दगडच मग आमचा हँडब्रेक. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं निमुळता, चाकाखाली बरोबर बसायचा. बाबांनी खरा हँडब्रेक कधी दुरुस्त केला नाही. म्हणायचे, त्याच्यापेक्षा हाच भारी, ह्याची केबल तुटत नाही. वायपरची सुतळी मायकडं होती, म्हणून दगड माझ्याकडं आला.

कामाची रीत ठरलेली होती. जीप थांबायच्या आधीच मी मागून उडी मारायची, दगड चाकाखाली घालायचा, एका लाथेनं आत ठोकायचा आणि ओरडायचं, "लागला!" ते ऐकू आल्याशिवाय बाबा ब्रेकवरचा पाय काढायचे नाहीत. कितीही घाई असो, कुणी कितीही बोलवत असो. एकदा गर्दीत माझा आवाज त्यांना ऐकू गेला नाही, तर लग्नाच्या मांडवापुढं वऱ्हाडी हात धरून ओढत असताना बाबा ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले होते. निघताना उलट. बाबा रेस द्यायचे आणि म्हणायचे, "काढ!" मी दगड काढायचा, छातीशी धरायचा आणि चालत्या जीपमागं पळायचं. आज माझ्या पोरीला एवढं काम सांगितलं तर ती बालहक्कवाल्यांना फोन करील. मला मात्र वाटायचं, माझ्याशिवाय ही जीप जगात कुठंच उभी राहू शकत नाही. आणि ते खरंच होतं.

आमच्या घरी बोलणं पण जीपचंच असायचं. मी सकाळी उठले नाही की बाबा म्हणायचे, "हिला धक्का मारल्याबिगर चालू होत न्हाई." माय चिडली की, "गरम हून राहिली, बोनट उघडं ठेवा." पाहुणे उठायचं नाव घेईनात की हळूच माझ्या कानात, "ह्यांची बॅटरी बसली काय?" एकदा डॉक्टरांनी बाबांना तब्येत विचारली, तर म्हणाले, "पिकप कमी झालाय, पन एव्हरेज चांगला हाय." डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं देव जाणे.

लग्न होऊन मी लातूरला आले. सासरचं घर एका चढावर. नवी नवरी, अंगावर जरीचं लुगडं, डोक्यावर पदर, सासूबाईंच्या चार मैत्रिणी मला बघायला आलेल्या. तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पळत सुटले. बाबांनी दगड पुढच्या सीटवर तयार ठेवला होता, मी खिडकीतून तो उचलला, पदर कमरेला खोचला आणि मागच्या चाकाकडं धावले. सासूबाई दारात आल्या तेव्हा त्यांना एवढंच दिसलं, की सून हातात दगड घेऊन स्वतःच्या बापाच्या गाडीवर धावून चालली आहे. त्यांनी घाबरून माझ्या नवऱ्याला हाक मारली. मी ओरडले, "लागला!" आणि बाबा हसत उतरले. सासूबाईंना सगळं समजावून सांगितल्यावरही पुढं वर्षभर त्या माझ्याशी जरा जपूनच बोलायच्या. मला ते सोयीचंच होतं.

मग जीपचे कागद संपले. आता चालवता येणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी बाबांनी जीप धुतली, टायरांना पाणी मारलं, आरसा पुसला. माय म्हणाली, "अवो, तोडायलाच नेऊन राहिले ना ते?" बाबा म्हणाले, "म्हून काय मळकी पाठवू?" जीप गेली. सुतळी मायनं बोरीच्या कुंपणाला बांधली. दगड अंगणातल्या लोखंडी फाटकाला लावला, कारण ते वाऱ्यानं आपटायचं.

आणि इथून खरा त्रास सुरू झाला. मायचं इस्लापूरला जाणं बंद झालं. तिचे गुडघे गेले होते, बाबांच्या भाषेत बेरिंग. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. माझ्या नवऱ्यानं किती वेळा म्हटलं, मी नेतो माझ्या गाडीतून. पण बाबा दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसायचे नाहीत. एसटी चालायची, कारण तिथं खाकी कपड्यातला माणूस असतो. बाकी कुणी म्हणजे त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे. "जन्मभर मी लोकांना बसवलं," म्हणायचे, "आता मला कोन बसवतंय?" आणि त्यांना सोडून माय जायला तयार नाही. तिकडं मामा फोनवर विचारायचा, आक्का कधी येतीस? माय म्हणायची, येते की, येते. मग तिनं येते म्हणणंही सोडलं. फोन आला की नुसती पोरांची चौकशी करायची आणि ठेवून द्यायची. मला ते बघवायचं नाही. म्हातारा इतका हट्टी की त्याचा राग येऊन डोकं दुखायचं, आणि त्या हट्टापायी म्हातारी दोन तासांवरच्या माहेराला पारखी झाली, ते वेगळंच.

तेव्हा मी ठरवलं, गाडी शिकायची. पन्नाशी जवळ आलेली, चष्म्याचा नंबर वाढलेला. तरी शिकले. शिकवणारा पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅडम, हँडब्रेक लावा," तर माझा हात सरळ दाराच्या खिट्टीवर गेला, उतरायला. तो घाबरून म्हणाला, "कुठं चाललात?" काय सांगणार त्याला, कप्पाळ!

शिकून झाल्यावर स्वतःची गाडी घेतली आणि एका शनिवारी लातूरहून एकटी नांदेडला नेली. अहमदपूरला चहा प्यायले, लोह्याला हवा बघितली, आणि आमच्या गल्लीत येऊन असा हॉर्न वाजवला की शेजारची कुत्री उठून गेली. माझ्या मनात एकच होतं. मायला मागं बसवायचं, बाबांना शेजारी बसवायचं आणि मी स्वतः इस्लापूरला न्यायचं.

माय बाहेर आली, गाडीवरून हात फिरवला आणि रडली. बाबा बाहेर आले आणि गाडीभोवती फिरले. लिलावात फिरतात तसे.

"किल्ली दाव," म्हणाले.

"किल्ली नाही बाबा. खिशात असली की बास. बटन दाबायचं."

"बटन तर मिक्सरला बी आसते. गिअर?"

"आपोआप पडतात."

"म्हंजी तू काय करतीस?"

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "मी चालवते! लातूरहून इथवर काय ढकलत आणली?"

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वाकून आत बघितलं. बघत राहिले. दोन सीटांच्या मध्ये काहीतरी शोधत होते.

"हँडब्रेक कुठं हाय?"

"हे बटन."

"दांडी?"

"दांडी नसते आता."

बाबांनी मान वर केली, टोपी सारखी केली आणि निकाल दिला, "न्हाई बसत मी. दांडी न्हाई ती गाडी उभी कशी राहती?"

"आपल्या जीपला तरी कुठं होती दांडी?" मी ओरडलेच. "उभं आयुष्य दांडी नव्हती!"

"तवा तू होतीस," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

मी अंगणात उभी. रागावू की रडू, काही कळेना. रात्री जेवताना मी परत विषय काढला. घर्षण सांगितलं, ब्रेक कसा आवळतो ते ताटात पापड ठेवून दाखवलं. बाबांनी तो पापड खाल्ला. शेवटी मायच बोलली. ती सहसा मध्ये पडत नाही, आणि पडली की मग कुणाची टाप नसते. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी उद्या पोरीसंगं जाऊन राहिली. चार दिस ऱ्हाईन. तुमी बसा हितं, पीठ डब्यात हाय, तवा खुंटीला हाय. भाजा आन खावा."

बाबांना आयुष्यात चहासुद्धा करता आला नाही. त्यांनी घास हातात तसाच धरला. मग म्हणाले, "किती वाजता निघायचंय?"

सकाळी निघायच्या गडबडीत फाटक सारखं वाऱ्यानं आपटत होतं. माय करवादली, "फाटकाचा दगड कुणी नेला गं?" मी म्हटलं, असू दे, बस तू आधी. तिला आत बसवण्यातच माझा घाम निघाला होता. बाबा आले ते खाकी शर्ट घालून. नोकरीतला, धुऊन धुऊन पिवळा पडलेला. हातात कापडी पिशवी. मी म्हटलं द्या मागं ठेवते, तर पिशवी मागं ओढली. "ऱ्हाऊ दे. माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." पायांमध्ये ठेवून बसले. मला वाटलं, मामासाठी गूळ घेतला असेल.

आता प्रवासाचं काय सांगू. बाबांच्या सीटपुढं ब्रेक नाही, क्लच नाही, तरी त्यांचे दोन्ही पाय भोकरपर्यंत एकदाही शांत राहिले नाहीत. समोर म्हैस आली की धाड करून पायाखालचं मॅट दाबायचे. वळण आलं की डावा पाय क्लचवर. फोनमधली बाई रस्ता सांगायला लागली तर म्हणाले, "ही बया कोन? हिला सांग, माझ्या गाडीचा रस्ता ठरवायला मी अजून हाय." तिनं पुढच्या चौकातून डावीकडं वळा म्हटलं, की हे मुद्दाम म्हणायचे, "सरळ घे." मी बाईचं ऐकलं की तोंड फुगवायचे. मागून माय खुदुखुदू हसत होती. तिला काय, ती माहेरी चालली होती.

भोकरच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला, आणि चालवणारा आरशात बघायला तयार नाही. मी मागं मागं राहिले. मग बाबांनी मान बाहेर काढली, पुढचा रस्ता बघितला आणि हळूच म्हणाले, "मोकळं हाय. घे. घे, घे... आता दाब." मी दाबलं. गाडी सुळकन् पुढं निघाली. बाबांनी आरशात बघून घेतलं, ट्रॅक्टर किती मागं राहिला ते. त्यानंतर हिमायतनगर गेलं तरी त्यांचे पाय हलले नव्हते. मला भीती वाटली, झोपले की काय. बघते तर टक्क जागे. रस्त्याकडं न बघता शेतं बघत होते. ड्रायव्हर माणूस शेतं कधी बघतो हो? साहेब बघतात.

इस्लापूर आलं. मामाची गल्ली आता सिमेंटची झाली आहे, पण चढ तोच. मामा दारातच काठी टेकून उभा होता, डोळ्यांवर हात धरून. मी हळूहळू गाडी वर घेतली, ज्या जागी बाबा जीप लावायचे नेमकी तिथंच, आणि ब्रेक दाबून उभी केली. हातानं बटन दाबलं. लाल दिवा लागला. आता ही गाडी धक्का मारला तरी हलणार नाही, हे मला पोरांना शिकवण्याइतकं पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. गाडी टुंई टुंई ओरडायला लागली. बाबा एक पाय बाहेर टाकून उतरत होते, मांडीशी ती पिशवी धरून.

"अवो, थांबा की!" माय मागून ओरडली. "गाडी हुबी तर ऱ्हाऊ द्या, पडताल ना!"

बाबांनी ऐकलं नाही. गाडीच्या अंगाला धरत धरत ते मागं गेले. मला आरशात त्यांची टोपी दिसत होती. मग ती खाली गेली. कण्हल्याचा आवाज आला, पिशवी झटकल्याचा आवाज आला, आणि सिमेंटवर दगड घासल्याचा आवाज आला. तो आवाज मी कुठंही ओळखला असता. मामा मोठ्यानं म्हणाला, "जयभीम दाजी! आवो, हा तर आमच्या भिंतीतला!"

बाबांनी मामाला उत्तर दिलं नाही. आधी त्यांनी दगडाला एक लाथ घातली, आत ठोकायला. मग दम लागलेल्या, चिरक्या आवाजात, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं ओरडले,

"लागला! पाय काढ, डायव्हर!"

मी खाली बघितलं. बटन दाबून झालं होतं, लाल दिवा लागला होता, इंजिन बंद होतं. आणि माझा पाय अजून ब्रेकवरच होता, गच्च. मी वाट बघत होते. डोळ्यांत पाणी आलं, समोरचा मामा धूसर झाला, आणि मायला तेवढ्यातही दम नव्हता, ती मागून माझ्या खांद्यावर थापटत होती, "काढ की पाय. लागला मनले ना ते."

मी पाय काढला.